फोर्कलिफ्टची फिरती सीट : रिव्हर्समध्ये चालवणाऱ्याला तिचा उपयोग किती?

भांडारप्रमुख

चाकण औद्योगिक पट्ट्यातील एका गोदामाची जबाबदारी माझ्याकडे आहे. आमच्याकडे तीन टन क्षमतेच्या पाच फोर्कलिफ्ट आहेत. त्यांपैकी तीन डिझेलवर आणि दोन बॅटरीवर चालतात. माल म्हणजे गाड्यांना लागणारे फोमचे आणि प्लास्टिकचे भाग, वजनाला हलके परंतु आकाराने अवाढव्य. जाळीचे दोन पिंजरे एकावर एक ठेवले की ऑपरेटरला मास्टच्या, म्हणजे माल उचलणाऱ्या पुढच्या उभ्या सांगाड्याच्या, पलीकडचे काहीही दिसत नाही, त्यामुळे उत्पादन विभागापासून डिस्पॅचच्या डॉकपर्यंतचे संपूर्ण अंतर, मधल्या दोन वळणांसह आणि शेवटच्या उतारासह, त्याला रिव्हर्समध्येच कापावे लागते. परतताना फोर्क (माल उचलणारे पुढचे काटे) रिकामे असतात, तेव्हा गाडी सरळ चालते. म्हणजे ढोबळमानाने निम्मे चालवणे मान वळवून होते.

जुन्या ऑपरेटरांची तक्रार मानेची आणि कमरेच्या उजव्या बाजूची आहे. पुरवठादाराने सुचवलेला उपाय असा, की सध्याची सीट काढून तिच्या जागी उजवीकडे फिरणारी सीट बसवावी. माहितीपत्रकात ती 17 अंश फिरते असे लिहिले आहे. मागे पाहायचे म्हणजे 180 अंश वळायचे, त्यात 17 अंशांनी काय साधणार, असा प्रश्न आमच्या खरेदी विभागाने विचारला असून तो गैर नाही. अशा सीटचा वापर केलेल्या किंवा ती बसवलेल्या सभासदांनी आपले मत द्यावे, ही विनंती.

फिजिओ_नाशिक

खरेदी विभागाचा हिशेब कागदावर बरोबर दिसतो, पण शरीर अंश सारख्या दराने खर्च करीत नाही. निरोगी प्रौढ माणसाची मान एका बाजूला साधारण 70 ते 80 अंश वळते. उरलेला कोन छाती-पाठीचा भाग, डोळे आणि सर्वांत शेवटी कंबर व नितंब यांतून भरून काढावा लागतो. कमरेचे मणके मुळात वळण्यासाठी घडलेलेच नाहीत. ते पुढे-मागे वाकतात, परंतु स्वतःभोवती फिरण्याची त्यांची मुभा अगदी थोडी असते. त्यामुळे मान आणि पाठ संपली की ऑपरेटर नकळत डावे नितंब उचलतो, उजव्या मांडीवर भार टाकतो आणि वाकड्या बैठकीतच गाडी हाकतो. आपल्या गोदामातील सीट नीट पाहिल्यात, तर गादीची उजवी कड दबलेली किंवा फाटलेली आढळेल असा माझा अंदाज आहे.

सांध्याच्या हालचालीतील पहिले चाळीस-पन्नास अंश स्वस्त असतात आणि शेवटचे पंधरा-वीस फार महाग पडतात, कारण तेथे स्नायू ताणलेले, अस्थिबंध घट्ट झालेले आणि मणक्यांमधील छोटे सांधे एकमेकांवर दाबलेले असतात. फिरती सीट नेमके हे शेवटचे महाग अंश वाचवते. मान टोकाला नेऊन तेथेच धरून ठेवणे आणि टोकाच्या अलीकडे पंधरा अंशांवर थांबणे, या दोन स्थितींतला फरक संध्याकाळी कळतो.

आणखी एक बाब दुर्लक्षिली जाते. फोर्कलिफ्टला मोटारीसारखे सस्पेंशन नसते आणि टायर बहुधा भरीव असतात, म्हणून जमिनीचा प्रत्येक सांधा थेट कण्यापर्यंत पोहोचतो. युरोपीय संघाच्या 2002 च्या कंपनविषयक निर्देशात आठ तासांच्या कामासाठी संपूर्ण शरीराला बसणाऱ्या कंपनाची दखल घेण्याची पातळी 0.5 मीटर प्रति सेकंद वर्ग आणि कमाल मर्यादा 1.15 मीटर प्रति सेकंद वर्ग ठरवलेली आहे. परंतु हे आकडे फक्त धक्क्यांचे आहेत. धक्का बसताना पाठ सरळ होती की पिळलेली, हे त्या मापात येत नाही. पिळलेल्या कण्याला तोच धक्का अधिक बाधतो, ही गोष्ट या रुग्णांवर उपचार करताना आम्हाला सतत जाणवते. चाळिशीनंतर दुहेरी भिंगाचा चष्मा वापरणाऱ्यांची अडचण वेगळीच असते. मान पुरेशी वळत नाही म्हणून ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहतात, तेव्हा नजर भिंगाच्या बाहेरून जाते आणि मागचा रस्ता अंधुक दिसतो.

ऑपरेटर_भिवंडी

मी भिवंडीच्या गोदामांत अनेक वर्षे फोर्कलिफ्ट चालवतो आणि सध्या ज्या गाडीवर आहे, तिला फिरती सीट आहे. फिजिओंनी गादीच्या उजव्या कडेबद्दल जे लिहिले, ते आमच्या जुन्या गाड्यांना तंतोतंत लागू होते.

सीटचा उपयोग होतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु एकट्या सीटने काम भागत नाही. रिव्हर्स जाताना डावा हात स्टिअरिंगच्या नॉबवर असतो आणि उजव्या हाताला पाठीमागे काहीतरी धरावे लागते, नाहीतर वळलेले शरीर तोलून धरण्याचा सगळा भार कमरेवर येतो. ओव्हरहेड गार्डच्या, म्हणजे डोक्यावरच्या संरक्षक छताच्या, मागच्या उजव्या खांबाला आतल्या बाजूने मूठ असेल आणि त्या मुठीवरच हॉर्नचे बटण असेल, तर ती सीटइतकीच मोलाची आहे. ज्या गाड्यांना मूठ नसते, त्यांचा तो खांब पाहावा. छातीच्या उंचीला रंग गेलेला आणि लोखंड तळव्याच्या घामाने काळे पडलेले दिसते. तेथे पकडताना बोटे खांबाच्या बाहेर येतात. अरुंद गल्लीत रॅकचा खांब आणि गाडीचा खांब यांच्यामध्ये बोटे सापडण्याचा धोका त्यामुळे कायम असतो.

दुसरे सांगायचे ते सीट-बेल्टबद्दल. साध्या सीटवर बेल्ट लावून पूर्ण मागे वळताच येत नाही, म्हणून अनेक जण तो काढून टाकतात किंवा पाठीमागे अडकवून ठेवतात. सुपरवायझर त्यांना बेशिस्त म्हणतात. फिरत्या सीटवर बेल्ट सीटबरोबरच वळतो, त्यामुळे तो लावून ठेवणे सोसते. गाडी कलंडली तर माणसाने उडी न मारता सीटमध्येच राहावे, हे प्रशिक्षणात शिकवतात. त्यासाठी बेल्ट लावलेला असणे आवश्यक आहे.

वायरमन

आजकाल मागे पाहणारा कॅमेरा आणि समोर छोटा पडदा बसवून मिळतो. मान वळवण्याची गरजच उरणार नाही, तर सीटचा खटाटोप कशासाठी करावा?

ऑपरेटर_भिवंडी

कॅमेरा आमच्या एका गाडीला आहे आणि तो उपयोगाचाही आहे, पण सहायक म्हणून. डॉकच्या दारातून उन्हात बाहेर पडताना पडदा काही क्षण पांढरा होतो, आणि नेमके तेव्हाच कंटेनरच्या बाजूने माणसे चालत असतात. धूळ बसली की चित्र धुरकट होते. अंतराचा अंदाज पडद्यावर लागत नाही, विशेषतः मागे पॅलेट ट्रक ओढणारा हमाल किती लांब आहे, याचा. शिवाय मी मागे तोंड करून पाहतो, तेव्हा समोरच्या माणसाला माझा चेहरा दिसतो आणि मी त्याला पाहिले आहे, हे त्याला समजते. पडद्याकडे पाहणाऱ्या ऑपरेटरबद्दल त्याला तशी खात्री वाटत नाही.

यंत्रदुरुस्ती_वाळूज

औद्योगिक वाहनांच्या देखभालीचे काम मी करतो आणि अशा सीट बसवल्या आहेत, तशाच काढल्याही आहेत. भांडारप्रमुखांनी निर्णय घेण्यापूर्वी पुढील यांत्रिक बाजू तपासाव्यात.

सीट उजवीकडेच का फिरते, यामागे विचार आहे. वरून पाहिल्यास शरीर उजवीकडे वळले की डावा खांदा पुढे येतो, म्हणजे स्टिअरिंगच्या जवळ जातो, आणि उजवा खांदा मागे, मुठीच्या दिशेने सरकतो. हातांची मांडणी आपोआप जुळते. पायांचे मात्र उलटे होते. सीटच्या फिरण्याच्या मध्यबिंदूपासून पाऊल साधारण 70 सेंटिमीटर पुढे आहे असे धरले, तर 17 अंशांच्या वळणाने पायाची स्वाभाविक जागा सुमारे 20 सेंटिमीटर उजवीकडे सरकते. पेडल तर फरशीला पक्के बसवलेले असतात. परिणामी उजवा पाय ॲक्सिलरेटरवर राहण्यासाठी गुडघा आत वळवावा लागतो आणि ब्रेकसाठी पाय उचलताना एरवीपेक्षा जास्त अंतर जावे लागते. पंधरा ते वीस अंशांपर्यंत हे निभावते, आणि बहुतेक उत्पादक त्याच मर्यादेत का थांबतात, याचे मुख्य कारण हेच आहे. त्यापुढे सीट फिरवायची असेल, तर पेडलही तिच्याबरोबर फिरवावे लागतात.

आपल्याकडे फिरती सीट म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर जेसीबी येते, कारण तिची सीट पूर्ण मागे फिरलेली सर्वांनी रस्त्याच्या कडेला पाहिलेली असते. तेथे मागे फिरलेला ऑपरेटर गाडी चालवत नसतो. गाडी पायांवर उभी करून तो मागच्या बकेटचे लिव्हर हाताळत असतो. फोर्कलिफ्टवाल्याला फिरलेल्या स्थितीत वेग, दिशा, ब्रेक आणि स्टिअरिंग हे सर्व सांभाळायचे असते.

आता बसवण्याविषयी. फिरत्या सीटखाली एक चकती येते आणि तिच्या जाडीइतकी सीट उंच होते. उंच ऑपरेटरचे डोके ओव्हरहेड गार्डच्या किती जवळ जाते, ते हेल्मेटसह मोजावे. लिव्हर जर पुढच्या पत्र्यावर बसवलेले असतील, तर सीट वळल्यावर ते दूर जातात. आर्मरेस्टवर बसवलेले छोटे लिव्हर असतील, तर ते सीटबरोबर येतात. डिझेल गाडीत इंचिंग पेडल (गाडी अगदी हळू सरकवण्याचे पेडल) डावीकडे असते आणि वळलेल्या स्थितीत डाव्या पायाने ते हळुवार दाबणे अवघड जाते, याची कल्पना ऑपरेटरांना आधी द्यावी. वेगळ्या पुढे-मागे पेडलांच्या गाड्यांमध्ये दिशा बदलण्यासाठी हात उचलावा लागत नाही, म्हणून अशा गाड्यांत फिरती सीट अधिक सुखाची वाटते.

सीट बाहेरच्या विक्रेत्याकडून घेऊन स्थानिक वेल्डरकडून बसवून घेण्याचा मोह टाळावा. बेल्टचे अँकर आणि ऑपरेटर बसला आहे की नाही हे ओळखणारा सीटखालचा स्विच, हे दोन्ही मूळ रचनेचे भाग आहेत. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमांत गाडीच्या क्षमतेवर किंवा सुरक्षित वापरावर परिणाम करणारा बदल उत्पादकाच्या लेखी पूर्वसंमतीशिवाय करू नये, असे स्पष्ट म्हटलेले आहे. आपण त्या नियमाने बांधील नसलो, तरी लेखी संमती मागण्यात काहीच गैर नाही, आणि उत्पादक ती देण्यास टाळाटाळ करू लागला, तर तेच उत्तर समजावे.

रॉटरडॅमकर

यंत्रदुरुस्ती यांनी पेडल फिरवण्याचा उल्लेख केला, त्याला जोडून लिहितो. मी नेदरलँड्समध्ये बंदराशी संबंधित काम करतो. येथे फेरी जहाजांत ट्रेलर चढवणारे जे रो-रो ट्रॅक्टर असतात, त्यांत ऑपरेटरची जागा 180 अंश फिरते, कारण ट्रेलर जहाजाच्या पोटात मागे ढकलत नेणे हेच त्यांचे मुख्य काम आहे. शेतीच्या ट्रॅक्टरांतही ही सोय आहे. फिनलंडच्या वाल्त्रा कंपनीचे मागे तोंड करून चालवण्याचे ट्रॅक्टर जंगलकामात आणि बर्फ हटवण्यासाठी वापरले जातात. मोठ्या क्षमतेच्या काही फोर्कलिफ्टनाही फिरती चालकजागा पर्याय म्हणून मिळते.

या सर्व ठिकाणी फिरते ती निव्वळ सीट नसते. स्टिअरिंग, पेडल आणि लिव्हर एकत्र फिरतात किंवा मागच्या दिशेला त्यांचा दुसरा संच असतो. त्यात स्टिअरिंगची एक गंमत आहे. स्टिअरिंग घड्याळाच्या दिशेने फिरवले की गाडी ज्या वर्तुळावर चालते, त्याचा मध्य पुढे तोंड केलेल्या ऑपरेटरच्या उजवीकडे असतो. गाडी रिव्हर्समध्ये घेतली, तरी वर्तुळ तेच राहते. पण ऑपरेटर 180 अंश वळून बसला, की तोच मध्य त्याच्या डावीकडे येतो. म्हणजे स्टिअरिंग जसेच्या तसे फिरवून त्याच्यापुढे आणले, तर उजवीकडे फिरवल्यावर गाडी डावीकडे जाईल. म्हणून पूर्ण फिरणाऱ्या रचनेत स्टिअरिंगची दिशा हायड्रॉलिक किंवा विद्युत यंत्रणेद्वारे उलटवावी लागते आणि आसन पूर्ण जागी बसून कुलूप लागेपर्यंत गाडी हलू नये, अशी सोयही करावी लागते. एवढा खर्च अर्थातच अशा गाडीवर परवडतो, जी दिवसाचा बराचसा वेळ लांब अंतर मागे चालते. तीन टनी फोर्कलिफ्टच्या शंभर-दीडशे मीटरच्या फेरीसाठी तो अवाजवी ठरेल, असे माझे मत आहे.

रीच ट्रकचा, म्हणजे उंच रॅकमध्ये माल लावणाऱ्या फोर्कलिफ्टच्या प्रकाराचा, विचार मात्र जरूर करावा. त्यात ऑपरेटर प्रवासाच्या दिशेला काटकोनात बसतो, त्यामुळे दोन्ही दिशांना पाहण्यासाठी मान सारखीच वळवावी लागते आणि एकाच बाजूवर ताण साठत नाही. त्याची लहान चाके खडबडीत आवारात चालत नाहीत, हा त्याचा दोष मान्य आहे.

भांडारप्रमुख

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गादीच्या कडा आज पाहिल्या; पाचपैकी चार गाड्यांच्या उजव्या कडा फाटलेल्या आहेत आणि पाचव्या गाडीची सीट अलीकडेच बदललेली आहे. मागच्या खांबाला मूठ फक्त दोन्ही बॅटरी गाड्यांना आहे. आमचे आवार पेव्हर ब्लॉकचे आहे, त्यामुळे रीच ट्रक बाहेर नेता येणार नाही.

एक शंका उरते. परतीच्या फेरीत गाडी पुढे चालते. प्रत्येक फेरीत ऑपरेटर सीटचा लिव्हर ओढून ती वळवेल आणि पुन्हा सरळ करील, अशी अपेक्षा व्यवहारात टिकते का?

ऑपरेटर_भिवंडी

खरे सांगायचे तर टिकत नाही. पहिल्या आठवड्यात सगळे उत्साहाने फिरवतात. नंतर काही जण सीट कायम उजवीकडे वळवून ठेवतात, आणि मग पुढे चालवताना आणि वरच्या रॅकवर माल लावताना त्यांना डावीकडे पिळून बसावे लागते. उजवीकडचा त्रास डावीकडे गेला, एवढेच होते. काही जण लॉक अर्धवट सोडून ठेवतात, म्हणजे सीट मोकळी फिरत राहते. ते तर अधिक वाईट, कारण वळणावर शरीर स्वतःहून सरकते आणि पाय पेडलवरून सुटतो.

ज्या फेरीत रिव्हर्सचे अंतर लांब असते, तेथे सीट फिरवण्याचे श्रम घ्यावेसे वाटतात. कंटेनरमध्ये माल भरताना दर मिनिटाला पुढे-मागे होते, तेथे कोणीही लिव्हरला हात लावत नाही. लिव्हर कोठे आहे, यावरही बरेच अवलंबून असते. तो सीटच्या उजव्या बाजूला, मुठीकडे जाणाऱ्या हाताच्या वाटेत असेल, तर वापरला जातो. गादीच्या पुढे खाली असेल, तर वाकून ओढावा लागतो आणि मग तो केवळ शोभेचा राहतो. आपल्या पुरवठादाराला नमुन्याची एक सीट एका गाडीवर बसवायला सांगा आणि सर्वांत नाखूश ऑपरेटरला ती वापरायला द्या.

सुरक्षा_तळोजा

चर्चा सीटभोवती फिरत आहे, म्हणून थोडा मागचा प्रश्न विचारतो. रिव्हर्स इतका का चालतो?

माल समोरचे दृश्य अडवत असेल, तर तो मागे ठेवून चालावे, हे तत्त्व योग्यच आहे. ओशाच्या नियमांत ते बंधनकारक आहे. पण भांडारप्रमुखांचा माल हलका आहे आणि दृश्य अडवणारी गोष्ट वजन नसून दुसरा पिंजरा आहे. एकच पिंजरा नेला तर समोरचे दिसेल आणि गाडी पुढे तोंड करून जाईल. फेऱ्या दुप्पट होतील, हा आक्षेप लगेच येणार. त्यावर उपाय असा, की लांबचे अंतर फोर्कलिफ्टने कापूच नये. बॅटरीवर चालणारा टग (ट्रॉल्या ओढणारी छोटी गाडी) आणि त्यामागे तीन-चार ट्रॉल्या, अशी व्यवस्था चाकणच्या वाहन उद्योगातील अनेक कारखान्यांत रुळलेली आहे. टगचा चालक पुढे पाहूनच चालवतो. फोर्कलिफ्टने दोन्ही टोकांना फक्त चढवण्या-उतरवण्याचे काम करावे. पिंजरे चाकांवर बसवलेले असतील, तर तेवढेही काम कमी होते.

उताराचे मात्र वेगळे आहे. भरलेली गाडी उतारावर असताना माल नेहमी चढाच्या बाजूला असला पाहिजे. ओशाने 10 टक्क्यांपेक्षा अधिक चढ-उतारासाठी हे ठरवून दिले आहे. म्हणजे भरलेल्या गाडीने खाली उतरताना, समोरचे स्वच्छ दिसत असले तरीही, रिव्हर्सनेच उतरावे. आपल्या डॉककडे जाणारा शेवटचा टप्पा उताराचा आहे, असे आपण लिहिले आहे. तेवढा रिव्हर्स कितीही नियोजन केले तरी राहणारच.

फिरत्या सीटच्या बाजूने बोलणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. उजव्या खांद्यावरून पाहणाऱ्या ऑपरेटरला गाडीचा मागचा डावा कोपरा सर्वांत कमी दिसतो, आणि फोर्कलिफ्टची मागची चाके वळत असल्यामुळे काउंटरवेटचा (मागच्या समतोलाच्या वजनाचा) तो कोपरा वळणावर बाहेर झेपावतो. सीट फिरल्यामुळे उजवीकडचे दृश्य सुधारते, ऑपरेटरचा विश्वास वाढतो, आणि त्याबरोबर वेगही वाढतो. डावा कोपरा होता तितकाच अंधारात राहतो. म्हणून पादचारी वाट रिव्हर्सच्या मार्गावर गाडीच्या त्या कोपऱ्याच्या बाजूला कधीही आखू नये. आरसा बसवावा, मागे जमिनीवर निळा ठिपका टाकणारा दिवाही बसवावा, पण वाटेवर कठडा असल्याशिवाय या दोन्हींवर विसंबू नये.

यंत्रदुरुस्ती_वाळूज

टगची सूचना मला पटते, परंतु ती पूर्ण अमलात येण्यास मार्ग, ट्रॉल्या आणि पिंजऱ्यांची चाके, असा सगळाच बदल करावा लागेल. तोपर्यंत ऑपरेटरांनी मान पिळत राहावे, असे म्हणता येणार नाही. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या गतीने चालू शकतात.

फिजिओ_नाशिक

सुरक्षा_तळोजा यांच्या मुद्द्याला माझे अनुमोदन आहे. मी फक्त इतकेच जोडतो, की सध्याच्या सीटवरही आज करण्यासारखे एक काम आहे, आणि त्याला खर्च नाही. सस्पेंशन असलेल्या सीटला ऑपरेटरच्या वजनानुसार जुळवण्याची कळ असते. शिफ्ट बदलताना कोणीही तिला हात लावत नाही, असे मी ज्या ज्या कारखान्यांत गेलो, तेथे पाहिले आहे. पंचावन्न किलोचा ऑपरेटर नव्वद किलोच्या जुळणीवर बसला, तर सीट त्याच्यासाठी फळीसारखी घट्ट राहते. उलट झाले, तर ती तळाला आपटते. शिफ्टच्या सुरुवातीच्या तपासणी यादीत ब्रेक, हॉर्न आणि टायर यांबरोबर ही कळही घालावी.

भांडारप्रमुख

आपल्या सर्वांच्या लिखाणावरून आम्ही पुढीलप्रमाणे ठरवत आहोत. तिन्ही डिझेल गाड्यांना मागच्या खांबाला हॉर्नसह मूठ उत्पादकाकडूनच बसवून घ्यायची, कारण तिची गरज कोणीही नाकारली नाही. फिरती सीट प्रथम एकाच बॅटरी गाडीवर, तीही लिव्हर उजव्या बाजूला असलेली, नमुना म्हणून घ्यायची. उत्पादन विभागापासून उताराच्या तोंडापर्यंतच्या सपाट टप्प्यासाठी टगचा प्रस्ताव वेगळा मांडायचा. खरेदी विभागाला 17 अंशांचे उत्तर फिजिओंच्या शब्दांत देईन. त्यांना ते पटेल, असे वाटते.

यंत्रदुरुस्ती यांना एक विचारतो. पुढे डिझेल गाड्यांनाही फिरती सीट घ्यायचे ठरले, तर देखभालीत कोणता फरक पडेल? आमच्या आवारात फोमचा भुगा फार उडतो.

यंत्रदुरुस्ती_वाळूज

भुग्याचा प्रश्न खरा आहे. चकतीच्या सांध्यात ग्रीस असते आणि ग्रीसवर भुगा चिकटून त्याचा घट्ट थर बसतो. सूतगिरण्यांमध्ये कापसाच्या तंतूंचे असेच होते. मग सीट फिरते, पण लॉकची खीळ खाचेत पूर्ण बसत नाही, आणि ऑपरेटरला मात्र ती बसली असे वाटते. म्हणून साप्ताहिक तपासणीत सीट दोन्ही टोकांना लॉक करून हाताने जोरात हलवून पाहावी. थोडा खुळखुळाट चालतो. खीळ निसटणे चालत नाही. साफ करताना हवेचा झोत चकतीच्या आत मारू नये, त्याने भुगा अधिक खोल जातो. ब्रशने काढून मग थोडे नवे ग्रीस भरावे.

सीटच्या स्विचची आणि बेल्टच्या बकलची तार सीटखालून येते. ती दर वेळी सीटबरोबर मागे-पुढे होते, त्यामुळे तिला पुरेसा ढिला वेढा हवा आणि पत्र्याच्या कडेला रबराचे आवरण हवे. तार कडेला घासून सोलली, की गाडी मधूनच बंद पडते, दोष सापडत नाही, आणि मग एखादा मेकॅनिक वैतागून स्विचच बायपास करून ठेवतो. तसे कोणी केले आहे का, हे दर सर्व्हिसला ऑपरेटरला सीटवरून उठवून तपासावे.

डिझेल गाड्यांत सीट इंजिनच्या झाकणावर बसवलेली असते आणि तेल तपासताना झाकण सीटसकट वर उचलावे लागते. सीट उजवीकडे वळलेली असताना ते उचलले, तर सीटच्या पाठीचा वरचा कोपरा ओव्हरहेड गार्डच्या खांबाला लागू शकतो आणि झाकण अर्ध्यात अडकते. ज्याने ते उचलले आहे, त्याचा दुसरा हात तोपर्यंत इंजिनात गेलेला असतो. झाकणाच्या कडीजवळ ‘सीट सरळ करून लॉक करा’ अशी पट्टी मराठीत आणि हिंदीत रंगवून घ्या, आणि वर धरणारा गॅसचा दांडा ढिला झाला असेल, तर नवी सीट येण्यापूर्वीच तो बदलून टाका, कारण फिरत्या सीटचे वजन साध्या सीटपेक्षा जास्त असते.